मागच्या डाव्या कमानीची चौकशी

शासकीय वाहन ज्याप्रमाणे शासनाच्या मालकीचं असतं, त्याचप्रमाणे त्या वाहनातून निघणारा आवाजही शासनाच्याच मालकीचा असतो. सामान्य माणसाच्या हे ध्यानात येत नाही. त्याच्या बैलगाडीचं चाक कुरकुरलं की तो खाली उतरतो, वंगण घालतो आणि पुढे चालू लागतो. ना अर्ज, ना चौकशी. असल्या उतावळेपणामुळेच खेडी मागे राहिली आहेत.

एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली परभणी जिल्ह्यातल्या एका कचेरीच्या जीपला (कचेरीचं नाव सांगत नाही, तिथले काही लोक अजून पेन्शन घेतात) मागून आवाज येत होता. खड्डा आला की जीप 'कुईं' करायची आणि खड्डा संपला की 'क्र्यॅक'. रस्ता सगळा खड्ड्यांचाच असल्यामुळे तिला दम घ्यायला सवड म्हणून मिळत नसे. हे असं दोन वर्षं चाललं. मग एके दिवशी साहेबांना सुपारी कातरताना आवाजाने दचकून बोटाला लागलं, आणि आवाजाची दखल घेतली गेली.

जीपचा चालक सूर्यभान. अकरा वर्षं त्याच्या हातात हेच चाक होतं. आवाज कुठून येतो हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. जीपच्या मागच्या चाकांवर लोखंडी पाटे एकाखाली एक बांधलेले असतात, त्याला कमान म्हणतात. डाव्या कमानीतले दोन पाटे कोरडे पडून एकमेकांवर घासत होते. ते सोडवायचे, पुसायचे, मध्ये ग्रीस भरून परत बांधायचे. फार तर दोन तासांचं काम. सूर्यभानने तसं साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणजे भगवानराव. ते रागावले नाहीत. त्यांनी शांतपणे समजावून दिलं की चालकाने गाडी चालवायची असते. आवाज ऐकणं हे तांत्रिक काम आहे, आणि त्याला आधी लेखी अर्ज आणि मग समिती लागते.

समिती नेमली. अव्वल कारकून अध्यक्ष झाले, कारण पंखा त्यांच्या खोलीत होता. विहिरी मोजणारे ओव्हरसियर सदस्य झाले, कारण त्यांना खोलातलं कळतं. तिसरे जनावरांना लस टोचणारे, कारण जीप कण्हते असं अर्जात लिहिलं होतं.

समिती तीन वेळा कचेरीच्या आवारात लिंबाखाली बसली. चौकशीसाठी पेट्रोल वापरण्याची तरतूद नसल्यामुळे जीप उभीच ठेवण्यात आली. तिन्ही सदस्यांनी आळीपाळीने तिच्या मागे कान लावला. अहवाल पाच पानांचा झाला, पण त्याचा अर्क शेवटच्या तीन वाक्यांत होता: 'वाहन उभे असता संपूर्ण शांतता आढळली. चालकाने चालविले असता आवाज येतो, असे खुद्द चालकाचेच म्हणणे आहे. सबब, आवाज चालकामुळे येतो.'

यात कुठे बोट ठेवायला जागा नव्हती. सूर्यभानच्या हातात मेमो पडला. पंधरा दिवसांत त्याने आपला आवाज बंद करावा, नाहीतर चारठाण्याच्या रस्त्यावर रोलर चालवायला जावं.

रोलरवर गेलेला माणूस परत येत नाही असं नाही. येतो, पण हळू येतो. सूर्यभानची बायको सरजाबाई हिने मेमो मुलीकडून वाचून घेतला. ती म्हणाली, "रोलर घिऊन जेवायला निघालात तर रात्रीचं जेवण परवाला हुईल. मी भाकरी कव्हा थापू, ते तेवढं सांगून जावा."

सूर्यभानने फेरचौकशीचा अर्ज केला. समितीने तो उदार मनाने मंजूर केला आणि वजनाची चाचणी घेतली. कचेरीतल्या एकेकाने मागच्या बाकावर बसून तीन वेळा उसळी मारायची होती. चपराशी बसला, आवाज आला. कनिष्ठ कारकून बसले, आवाज आला. अव्वल कारकून बसले (त्यांनी उसळीऐवजी मान हलवली), आवाज आला नाही. शेवटी साहेब बसले. तेव्हा जीप चांगली खच्चून ओरडली, पण साहेबांच्या वजनाने आवाज आला असं लिहून द्यायला कोणी पुढे आलं नाही. सबब तोही 'नाही'त धरला. निष्कर्ष निघाला की आवाज खालच्या श्रेणीतून येतो. चपराशाला जीपमध्ये बसायची बंदी झाली. आवाज चालूच राहिला.

चौदाव्या दिवशी सूर्यभान टपाल पोचवून बोरीच्या रस्त्याने एकटाच परत येत होता. वाटेत मेंढरं आडवी आली म्हणून त्याने जीप थांबवली. मेंढरं कासाबाईची. ती बांधावर बसली होती, तिथूनच म्हणाली, "डायवर, गाडीचं मागलं डावं लय दुखायलंय जणू."

"तुला काय ठावं, माय?"

"चाळीस मेंढरं हायत माझी. कोणतं कुठं वरडायलंय ते हितं बसून सांगते. ही तर एकलीच हाय. तेल घाला की तिला."

"तेलासाठी समिती बसलीया."

"मंग उठवा की तिला," कासाबाई म्हणाली आणि मेंढरांमागे गेली.

सूर्यभानने तिथल्याच एका लिंबाखाली जीप लावली. पाटे सोडवले, पुसले, ग्रीस भरलं, बांधले. दोन तासही लागले नाहीत. येताना जीप अशी आली की कचेरीच्या दारातलं कुत्रंसुद्धा उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी भगवानराव दौऱ्यावर निघाले. रस्त्यावर तेरा गावं होती. पहिल्या गावात शाळेला कुलूप होतं. दुसऱ्या गावात कंपाउंडर दाढी करून घेत होता, तोही रुग्णांच्या बाकावर आडवा होऊन. तिसऱ्या गावात ग्रामसेवक पत्ते वाटत होता, त्याने वर न बघता साहेबांनाही पानं वाटली. दोन वर्षं तेरा गावांची हजेरी शेकडा अठ्ठ्याण्णव भरत आली होती. त्या दिवशी ती अकरा भरली. (त्या अकरातला एक जण झोपलेला होता, आणि एक जण गैरहजर असलेल्याचा मेव्हणा होता.)

झालं होतं ते साधं होतं. जीप अर्ध्या कोसावरून ऐकू यायची. 'कुईं' झालं की मास्तर शेतातून निघायचे, 'क्र्यॅक' होईपर्यंत फळ्यावर तारीख पडायची. ज्याला साहेब अर्ध्या कोसावरून ऐकू येतात, त्याला घड्याळ लागत नाही. एक कोरडी कमान तेरा गावांचा कारभार चालवत होती, आणि तिच्यासाठी वेगळं पदही मंजूर नव्हतं.

भगवानराव आधी खूश झाले. त्यांनी एका बैठकीत सत्याऐंशी नोटिसा लिहिल्या. सह्या करताना मात्र त्यांचा हात थांबला. अठ्ठ्याण्णवाच्या आकड्यावर दोन वर्षं त्यांचीच सही होती, आणि त्यासाठी जिल्ह्याहून आलेलं प्रशंसापत्र त्यांच्याच खुर्चीमागे टांगलेलं होतं. आजचं खरं धरलं तर कालचं खोटं ठरत होतं.

त्यांनी दोन दिवस विचार केला. गावं तीच, माणसं तीच, कचेरी तीच. बदलली होती फक्त जीप. तेव्हा गैरहजेरी जीपमुळे झाली, हे उघड होतं. सत्याऐंशी नोटिसा फाडल्या गेल्या आणि सूर्यभानला एक मेमो मिळाला. 'विनापरवाना शांतता निर्माण केल्याबद्दल' खुलासा द्यावा, आणि सात दिवसांत आवाज पूर्ववत करावा. नाहीतर रोलर.

दोन तासांत गेलेला आवाज सात दिवसांत परत आणणं किती अवघड असतं, हे ज्याने केलं त्यालाच कळेल. सूर्यभानने ग्रीस रॉकेलने धुतलं. ओढ्यातली वाळू आणून पाट्यांत भरली. आवाज आला, पण पातळ आला. त्या आवाजावर हजेरी चौतीस भरली. एका गावात लोक वऱ्हाड आलं समजून हार घेऊन उभे होते. (तिथली हजेरी उत्तम होती, पण ती नवरदेवासाठी होती.)

समिती पुन्हा बसली. मूळ आवाज कसा होता याची नोंद दप्तरात नव्हती. सदस्यांना विचारावं तर तिघांनीही पहिल्या अहवालात आवाज नसल्याचं लिहून दिलेलं होतं.

सहाव्या दिवशी सूर्यभान बोरीच्या रस्त्यावर कासाबाईला शोधत गेला. तिने गूळ मागितला नाही की बिडी मागितली नाही. बांधावर बसली आणि म्हणाली, चालवा. सूर्यभान खड्ड्यांतून जाई, परत येई, नट आवळी, वाळू घाली. ती मान हलवत राही. एकदा म्हणाली, ही तर कोकरावानी करायलीय. एकदा म्हणाली, आता सर्दी झाल्यावानी. उन्हं कलली. अकराव्या फेरीला तिने हात वर केला.

"हां. आता कशी म्हातारीवानी कण्हायलीय. हीच ती."

तिचा अंगठा कागदावर घेतला गेला. मेंढकीचा दाखला चालेल का, अशी शंका अव्वल कारकुनांनी काढली. भगवानरावांनी तिथल्या तिथे कासाबाईला समितीची चौथी सदस्य करून टाकलं. दुसऱ्या दिवशीच्या दौऱ्यात हजेरी शेकडा नव्व्याण्णव भरली. वाढलेला एक टक्का म्हणजे दोन वर्षांपूर्वी बदली झालेले एक मास्तर. जुन्या सवयीने तेही धावत आले.

सूर्यभान जीपवरच राहिला. सरजाबाईची भाकरी वेळेवर थापली जाऊ लागली. जीपच्या मागे पांढऱ्या रंगात 'डाव्या बाजूस ग्रीस लावू नये' असं लिहून घेण्यात आलं.

हे वाचून काही जणांना हसू आलं असेल. हसायला हरकत नाही. फक्त हे कुठे बसून वाचताय, तेवढं एकदा पाहा. खुर्ची घरची आहे की कचेरीची? भिंतीवर किती वाजलेत? आणि टेबलापलीकडे हातात कागद धरून जो माणूस उभा आहे, तो पहिल्या पानापासूनच उभा आहे ना? त्याला सांगा, उद्या ये. घाई करू नका. बाहेर अजून काहीच ऐकू येत नाहीये.