बिननावाची चिठ्ठी

“पांढरं जायला लागलं की हाडं झिजतात, हे खरं का?”

हा प्रश्न संस्कृतीने विचारून दाखवायचा, अशी पैज राजश्री आणि आयात या मैत्रिणींनी लावली होती. बायकांच्या आरोग्य शिबिरासाठी ग्रामपंचायतीत पेटी ठेवलेली. चिठ्ठी टाकायची, नाव लिहायचं नाही. हल्ली वर्गात सगळ्यांत आधी हात वर करणारी संस्कृती मागे कशी हटणार? घरात हाताशी आला तो बाबांच्या आंब्याच्या पेट्यांवर चिकटवायचा कागद. कोऱ्या बाजूवर तिने प्रश्न लिहिला आणि चिठ्ठी टाकून ऐटीत घरी आली. दुसऱ्या बाजूला बाबांचा मोबाईल नंबर ठळक छापलाय, हे तिच्या लक्षातही आलं नाही.

शिबिरातल्या नर्सबाईंना वाटलं, बिचारीला गुपचूप उत्तर हवंय. त्यांनी त्या नंबरावर मेसेज केला. ताई, हाडं झिजत नाहीत. थोडं पांढरं जाणं नैसर्गिकच. पण खाज असेल, वास किंवा रंग बदलला असेल, तर अंगावर काढू नका, दाखवून घ्या. काही लागणींत नवऱ्यालाही औषध लागतं.

बाबांनी, म्हणजे नितेशने, मेसेज चार वेळा वाचला. घरात ताई म्हणण्याजोगी एकच, दीपाली. बायको आपल्याला सोडून पंचायतीला सांगते, आणि वर आपल्यालाही औषध! विचारायचं कसं ते न कळून त्याने विहिरीवरनं पाणी आणलं, केर काढला, जेवून स्वतःचं ताट घासलं. संसाराच्या सतरा वर्षांत पहिल्यांदा. दीपाली हबकली. तिने संस्कृतीला गाठलं.

“बाबांना काय मोठा आजार निघालाय काय गो?”

तेवढ्यात बाबांनी संस्कृतीला पडवीत बोलावून मोबाईल पुढे धरला. आई तुझ्याजवळ काही बोलली का, म्हणाले. मेसेज वाचताच हे आपल्याच चिठ्ठीचं उत्तर, हे तिने ओळखलं. असले प्रश्न तुला कशाला, असं बाबा विचारणार या भीतीने ती गप्प राहिली. बाबांनी त्याचा अर्थ ‘बोलली’ असा घेतला, आणि शनिवारी तिघं रिक्षाने रत्नागिरीत डॉक्टरीणबाईंच्या दारात.

नितेश बायकोला दाखवायला आला होता, दीपाली नवऱ्याला. काउंटरवरच्या मुलीने पेशंट कोण विचारलं, तर दोघांनी एकमेकांकडे बोट केलं.

“कोणीच नाय,” संस्कृती म्हणाली. “चिठ्ठी मी लिहिलेली. पैजेवर.”

नितेशला इतकं हलकं वाटलं की रागवायचंच राहिलं. तो चपला शोधू लागला. दीपाली बाकावरून उठली नाही.

“चिठ्ठी तिची असेल,” ती हळूच म्हणाली, “खाज माझी हाय. गणपतीपासून.”

नितेश परत खाली बसला. “मग बोलली का नायस?”

“कोणाला बोलू?”

आतून बोलावणं आलं, तरी दोघं जमिनीकडे बघत बसलेले. संस्कृती उठून उभी राहिली.

“मी ठरवलंय. तुम्ही दोघंही आत जायचं, मी पण येणार. बाबा, तुम्ही मधे बोलायचं नाय. आई बोलेल. आणि ती अडली, तर मी बोलेन.”