लाल पट्टीची मोहीम

वाचकांचे सेवेसी अर्ज ऐसा की, अवजड ट्रकाची टक्कर होण्याअगोदर चालकास खबर देणारे यंत्र कैसे सिद्ध जाहले, ती हकीकत यथामती लिहिली आहे. मती थोडी, सबब उणे असेल ते पदरी घ्यावे.

कारखान्यात या इशाऱ्याच्या रचनेची मुखत्यारी एका सूनबाईंकडे होती, आणि त्यांचे सासरे, मालवाहतुकीचे बिनीचे सरदार, आपला ट्रक घेऊन चाचणीस खासा हजर होते. मैदानात फोमची नकली मोटार उभी. यंत्राने फक्त इशारा द्यावा आणि ब्रेक चालकाने दाबावा, ऐसा करार.

पहिले स्वारीस यंत्राने खांब दिसता किंकाळी फोडली, कुंपण दिसता फोडली आणि कावळा उडाला तरी फोडली. मग सरदारांनी भोंग्यात पायमोजा कोंबून त्यास कैद केले, आणि नकली मोटार चिरडली गेली.

"अहो बाबा, मोजा कशाला?"

"अगं, शेजारी बसून मलाच गाडी शिकवतंय ते!"

मग मसलत होऊन भोंगा बडतर्फ जाहला आणि आसन थरथरविण्याची तजवीज जाहली. परंतु आसन हादरताच, कोणी ढकलले म्हणोन सरदार मागे वळून पाहते जाहले, आणि दुसरी मोटार धारातीर्थी पडली.

तेव्हा व्यवस्थापकसाहेबांचे फर्मान सुटले की, आणखी एक मोटार गेल्यास मोहीम बरखास्त. सूनबाईंचे धाबे दणाणले. कारण सरदारांस अलीकडे जेवणानंतर स्टिअरिंगवरच डुलकी येई, आणि ते काही केल्या कबूल होत नसत. मग त्या ट्रकात शेजारी बसल्या आणि रस्ता सोडून सासऱ्यांचे डोळेच न्याहाळत राहिल्या. नजर फिरूनफिरून समोरील काचेच्या तळाशी येते, हे ध्यानी येताच तेथेच लाल पट्टी बसविली, आणि धोका खराच जवळ आल्यावाचून तिने पेटू नये, ऐसा तीस सक्त हुकूम दिला.

तिसरी स्वारी मुद्दाम जेवणानंतर निघाली. सरदारांच्या पापण्या जड जाहल्या, मोटार जवळ आली, व्यवस्थापकसाहेबांनी डोळे मिटले, आणि पट्टी पेटली, आणि ब्रेक कचकन लागून ट्रक वीतभर अंतरावर थांबला.

सरदार मिशीवर हात फिरवीत उतरले. "दिव्याचं कसलं कौतुक? मला मोटार आधीच दिसली होती. ब्रेक मीच दाबला."

व्यवस्थापकसाहेब तोंड उघडते जाहले, तोच सूनबाईंनी नजरेनेच त्यांस नामोहरम केले.

"तुम्हीच दाबलात, बाबा. दिव्याला कुठे पाय असतात?"

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली, पट्टी सरदारांचे ट्रकात कायम जाहली, आणि विजयाचे समस्त श्रेय त्यांचे उजवे पायास बहाल करण्यात आले.