भ्रुकुटीचा पुरावा

‘भ्रुकुटी’ या शब्दाची चिठ्ठी तिसऱ्यांदा परत आली, तेव्हा शब्दकोशाच्या संपादकांचा संयम संपला. व्युत्पत्तीबद्दल वाद नव्हता: भ्रू म्हणजे भुवई, कुट् म्हणजे वाकणे, रागाने भुवई वाकली की झाली भ्रुकुटी. वाद पुढच्या ओळीचा होता. ‘या वेळी कपाळावर आडव्या रेघा उमटतात,’ असे संपादकांनी लिहिले होते आणि उपसंपादकाने समासात लाल शाईने विचारले होते, ‘उभ्या ना?’

“आडव्या चिंतेच्या असतात, साहेब. रागाच्या उभ्या, दोन भुवयांच्या मधे.”

“तुम्ही पाहिल्यात?”

“रोज बघतो. लग्न झालंय माझं.”

“माझंही झालंय. अठ्ठावीस वर्षं. पण आमच्याकडे वाद होत नाहीत,” संपादक अभिमानाने म्हणाले.

“मग एकदा करून बघा की! ‘पाहिल्यावाचून लिहू नये’ हा नियम तुमचाच आहे.”

नियम स्वतःचा असल्यामुळे मोडता येईना. घरी जाताना वाटेत त्यांनी पत्नीचा रागावलेला चेहरा आठवून पाहिला. आठवला तो पाठमोरा अंबाडा. तेव्हा राग प्रत्यक्ष उत्पन्न करणे भाग होते.

रविवारी सकाळी चिठ्ठी टेबलावर मांडून, चष्मा पुसून ते म्हणाले, “हा चहा आहे की भांडी धुतलेलं पाणी?”

“उद्यापासून तुम्ही करा. मला तेवढीच उसंत,” पत्नी म्हणाली. कपाळ कोऱ्या कागदासारखे.

संपादकांनी मात्रा वाढवली. दुपारी जेवायला येणाऱ्या मेहुण्याला त्यांनी तिच्यादेखत फोन करून ‘येऊ नकोस’ म्हणून सांगितले.

“बरं केलंत. मी त्याला बोलले होतेच, भरवसा धरू नकोस म्हणून.” तिने एक ताट परत फळीवर ठेवले.

अकराला भंगारवाल्याची हाक आली आणि संशोधनाच्या भरात संपादकांनी तिचे शिलाई मशीन हातगाडीवर चढवले. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत त्यांची नजर तिच्या भुवयांवर खिळली होती.

“अगं, मशीन गेलं तुझं! माहेरचं!”

“दिसलं.”

“मग बोल की काहीतरी!”

“तीन वर्षं बंद होतं. दुरुस्त करून आणा म्हणून किती वेळा सांगितलं. दर वेळी रागानंच सांगितलं. तेव्हा मान वर करून बघायचं होतं.”

“तेव्हा मी ‘ब’च्या खंडात होतो!” संपादक कडाडले. “बायको आहेस की दगड?”

तिने शांतपणे चष्मा लावला, जवळ येऊन त्यांचे कपाळ न्याहाळले आणि चिठ्ठीवरचे ‘आडव्या’ खोडून वळणदार अक्षरात ‘उभ्या’ लिहिले.

“दोन आहेत. घ्या, झालं तुमचं काम.”

“आणि तुझ्या?” त्यांचा आवाज एकाएकी खाली आला.

“माझा राग सरला हो. रागवायला समोरच्याकडून काही अपेक्षा लागते.”

संपादक अनवाणीच कोपऱ्यापर्यंत धावले. हातगाडी कुठेच दिसेना.

सोमवारी दुरुस्त चिठ्ठी पाहून उपसंपादक खूश झाला. “म्हणजे वहिनी चिडल्या म्हणायच्या!”

“नाही. अजिबात नाही.”

“एवढं करूनही? नशीबवान आहात, साहेब!”

संपादकांनी सवयीने लाल पेन उचलले, क्षणभर तसेच धरले आणि टोपण लावून खाली ठेवले. साऱ्या कारकिर्दीत पहिल्यांदाच त्यांनी एक चुकीचा शब्द तसाच जाऊ दिला.