राजपुत्र बाहेर निघाला का?

“सर, तुमी पुस्तक वाचलं, का नुस्ता सिनेमा पाह्यला?”

हा प्रश्न भर वर्गात विचारायची पैज मैत्रिणींनी मनकर्णाशी लावली होती. अडचण एवढीच, की सर म्हणजे तिचेच बाबा. रविवारी तेलंगणातल्या उटनूरच्या शाळेत गावासमोर ‘कादंबरी मोठी की तिच्यावरचा सिनेमा?’ यावर ते भाषण करणार होते आणि त्याची तालीम नववीच्या डोक्यावर चालली होती. मनकर्णानं उठून विचारलाच.

“पुस्तक दोनदा वाचलं!” देवाजी मास्तर गरजले. “पण सिनेमाच मोठा! पुस्तकात उडता अजगर राजपुत्राले गिळते, अन् तो पोट फाडून जित्ता निघते. लेकरायची समजूत! सिनेमावाल्यानं हिंमत केली. गिळला म्हंजे गिळला!”

पंचफुला उठली. तिचा मामा मंचेरियलच्या कोळसा खाणीत. त्याच्याकडे राहून तिनं तोच तेलुगू डब सिनेमा पाहिला होता. “सर, सिनेमात बी निघते ना तो. लोकायनं शिट्ट्या मारल्या.”

मास्तरांनी सिनेमा पाहिलेल्यांना हात वर करायला लावले. मेला म्हणणारे अकरा, जिता म्हणणारी एक. गलका ऐकून हेडमास्तर उत्तमराव आत आले.

“मेलाच तो. मी सोता रडलो.”

झालं! बहुमतानं राजपुत्र वारला आणि पंचफुला बाकावर उभी राहिली.

घरी येईस्तोवर मनकर्णाच्या डोक्यात तेच. मेला म्हणणारे सगळे उटनूरहून बसनं गेलेले!

“बाबा, मंचेरियलहून आपली शेवटची बस कितीची?”

“पाचची. पुढं जंगल हाय ना.”

“अन् अडीचचा शो सुटते कधी?”

बाबांनी पेपर तोंडासमोर धरला. भाकरी थापता थापता आईच बोलली, “साडेपाचले. मी म्हणलं, थांबा जराक. तं म्हणे, गिळला ना आता! अजगराचं पोट दुखताना पाहाचं काय?”

“मले वाटलं, सिनेमावाल्यानं शेवट बदलला,” पेपरामागून बारीक आवाज आला. “आता गावाले काय सांगू व माय? पत्रिका वाटल्या ना!”

मनकर्णानं पेपर हळूच खाली केला.

“आई, बाबा, मी ठरवलं. उद्या दुसऱ्या शनिवारची सुट्टी हाय. सकाळी अकराच्या शोले जाऊ, हेडमास्तरायलेबी घेऊ. राजपुत्र बाहेर निघेस्तोवर कोणी उठाचं नाई! अन् रविवारचं भाषण मी करीन. बाबा, तुमी पंचफुलाच्या बाकावर उभं राहून ऐका.”