भुऱ्याची वहिवाट

बीबीच्या शिवारात उकंडरावाच्या बांधावरून पुंजाजीची बैलगाडी तीस वर्षं जात होती. मुंबई राज्य गेलं, महाराष्ट्र राज्य आलं, गाडी आपली जातच होती. मागे त्याचा कुत्रा, भुऱ्या. एका सकाळी या भुऱ्याने उकंडरावाची बांधावर ठेवलेली शिदोरी ठेच्यासकट फस्त केली आणि दुपारच्या आत वाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या.

काट्यांपलीकडे पुंजाजीच्या शेतात वर्षाची ज्वारी कापून पडलेली, वर आभाळ भरून आलेलं.

"दोनाच्या चार भाकरी घे लेका, पन काट्या काढ," पुंजाजी म्हणाला.

"भाकरीचा सवाल नाई, इज्जतीचा हाय!"

पुंजाजीचा अर्ज गेला. पटवाऱ्याला घेऊन नायब तहसीलदार स्थळपाहणीला आले. पाच पंच बसले. भली माणसं हो! चहा पुंजाजीकडे घेतला, पोहे उकंडरावाकडे खाल्ले. आता दुखवायचं कोणाला?

"या वाटेने कोण जातं?" साहेबांनी विचारलं.

शालिग्राम पंचाने डोकं खाजवलं. "कुत्रं जाताना पाह्यलं, साहेब."

"आणि गाडी?"

"गाडीकडं काई ध्यान नोतं."

बाकी चौघांनाही नेमकं तेवढंच आठवलं. यथावकाश आदेश निघाला: 'सदरहू वाटेवर भुऱ्या नामक श्वानाची वहिवाट शाबीत झाली असून तीस कोणीही हरकत घेऊ नये. इतरांचा हक्क शाबीत नाही.'

उकंडराव कायद्याला मान देणारा माणूस. त्याने काट्यांत कुत्र्यापुरतं भोक पाडून दिलं. पुंजाजी अपिलाला कचेरीत गेला, तर बाबू म्हणाला, "तुमचा कुत्रा जिंकलाय. त्याची काही तक्रार असेल तर त्याला घेऊन या."

घरी बायको केसरबाई कडाडली, "जवारी सडून राह्यली अन् तुमी कागद वाचून राह्यले! पोरायनं काय खावं?"

पुंजाजी उठला. त्या भोकातून रांगत आत गेला आणि कणसांचं गाठोडं पाठीला बांधून रांगत बाहेर आला. असे तीन दिवस. गुडघे सोलून निघाले. पुढे भुऱ्या शेपटी हलवत वाट दाखवायचा. पाचही पंच येता-जाता थांबून म्हणायचे, "रामराम पुंजाजी! चाललं का काम?"

उकंडरावाने दुसरा अर्ज ठोकला: कुत्र्याच्या वहिवाटीत माणूस घुसतो. साहेब पुन्हा आले. पुन्हा चहा, पुन्हा पोहे. गुडघ्यांना हळद लावून पुंजाजी शालिग्रामाच्या तोंडाकडे पाहत उभा राहिला. त्याने माणूस म्हटलं तर उरलेली ज्वारी गेली.

"या भोकातून कोण ये-जा करतं?"

"कुत्रं, साहेब," शालिग्राम मायेने म्हणाला. मग पुंजाजीच्या कानाशी वाकला, "घाबरू नको बे, तुले आमी दुखवू देनार नाई."

पाच अंगठे उमटले, ज्वारी वाचली. पुंजाजीने पाचांचेही हात धरून आभार मानले आणि बैलांच्या आड जाऊन पोटभर रडला.

कागद अजून उघडाच आहे. साहेबांना सहावी सही हवी आहे. तुम्ही तर पुंजाजीला पहिल्या ओळीपासून पाहताय. बोला, कोण जाताना पाहिलं? घाई नाही, आधी पोहे घ्या.