भरणी क्रमांक चार

आर्डिसने कपडे वाळवायचं यंत्र सुरू केलं आणि तळघरातून व्हर्नची आरोळी आली, "बंद कर! काटा हलतोय!"

"चादरी ओल्या आहेत!" आर्डिस जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली.

"दहाच मिनिटं!"

"सकाळपासून तुझी दहाच मिनिटं चालली आहेत!"

पण तिने यंत्र बंद केलं. व्हर्न ऑस्ट्रँडरने एकतीस वर्षं हायवेवरच्या वजनकाट्यावर ट्रक मोजले होते. चाळीस टनांपर्यंतचा माल ज्याच्या शब्दावर अडायचा किंवा सुटायचा, तो माणूस निवृत्त झाला आणि खसखशीएवढ्या दाण्यांचं वजन करत बसला. दाणे दारूचे. म्हणजे बंदुकीच्या, दुसरी दारू त्यांच्या घरात फक्त नाताळला येत असे. रिकाम्या पितळी पुंगळ्या घ्यायच्या, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत मोजून दारू घालायची आणि वरून गोळी दाबायची. मग चांदमारीवर जाऊन हजार यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या आणि पाचही भोकं किती जवळ पडली ते बघायचं. जवळ पडली नाहीत की दारू किंचित कमीजास्त करून पुन्हा श्रीगणेशा. बिटर क्रीक गावातले निम्मे लोक हेच करतात आणि उरलेले निम्मे त्यांच्याशी लग्न करून बसले आहेत.

दरवर्षी ऑगस्टमध्ये शेजारच्या सेज फ्लॅटशी सामना असे. संघात सहा जण आणि एक राखीव. व्हर्न अकरा वर्षं राखीव होता. राखीव माणसाने पाण्याचे डबे उचलायचे, सँडविचं वाटायची आणि कुणीतरी आजारी पडावं अशी इच्छा मनात आणायची नाही. अकरा वर्षांत कुणी साधं शिंकलंही नव्हतं.

यंदा मात्र व्हर्नने जिद्दीने बारा वेगवेगळ्या भरण्या, म्हणजे दारू-गोळीची बारा मापं, तयार केल्या, एक ते बारा क्रमांक घातले आणि प्रत्येकीचा सगळा तपशील एका जाड वहीत उतरवला. तीन भरण्या झाडून झाल्या. जुलैच्या एका शनिवारी तो चौथी घेऊन चांदमारीवर गेला.

त्या सकाळी तिथे दुसरी फक्त लॉर्ना बर्के होती. लॉर्ना गावातली जनावरांची डॉक्टर आणि संघातली बावीस वर्षांपासूनची नेमबाज. व्हर्नचा कागद चार नंबरच्या चौकटीवर, तिचा पाच नंबरच्या. लॉर्ना नेम धरायला नुकती आडवी झाली होती, तेवढ्यात तिचा फोन वाजला. कुणाची तरी गाय अडली होती. "आलेच, पाच गोळ्या झाडते आणि निघते," असं फोनवर सांगून तिने धडाधड पाच गोळ्या झाडल्या, बंदूक पिकअपमध्ये टाकली आणि जाता जाता ओरडली, "व्हर्न, माझा कागद काढून आण रे!"

व्हर्नने सावकाश आपल्या पाच झाडल्या. मग गाडी घेऊन तो कागदांमागच्या मातीच्या बांधापर्यंत गेला. पाच नंबरचा कागद कोरा होता. त्याला लॉर्नाची दया आली. मग त्याने चार नंबरचा कागद पाहिला आणि तो तिथेच मातीत बसला. बरोबर मधोमध पाच भोकं. पाचही भोकं एका कपबशीने झाकली असती. कपबशीतली बशी नव्हे, कप!

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं, कारण व्हर्न परतताना मर्ल टॉफ्टच्या पशुखाद्याच्या दुकानात थांबला होता. मर्ल क्लबचा चिटणीस. त्याने कागद उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"व्हर्न, हे तू केलंस?"

"भरणी क्रमांक चार," व्हर्न शक्य तितक्या सहज आवाजात म्हणाला.

"आणि लॉर्नाचा कागद?"

व्हर्नने कोरा कागद दाखवला. मंगळवारी दुकानाच्या दारावर संघाची यादी लागली. सहाव्या जागी व्हर्न ऑस्ट्रँडर. राखीव: लॉर्ना बर्के.

व्हर्न तिला धीर द्यायला गेला. "होतं असं, लॉर्ना. भरणी जमली नाही की जमत नाही. वजन फार काटेकोर करावं लागतं."

"पाचातली एकही कागदाला लागली नाही," लॉर्ना म्हणाली. तिचा चेहरा पडला होता. "बावीस वर्षांत असं झालं नाही. डोळे गेले वाटतं माझे."

"डोळे नाही गं, वजन," व्हर्न मायेने म्हणाला.

आर्डिसने कागद चौकटीत बसवला आणि व्हर्नने तो दिवाणखान्यात सोफ्याच्या वर टांगला. मग त्याने क्रमांक चारची साठ काडतुसं भरली. यंत्र बंद, पंखा बंद, खिडक्या बंद. आर्डिसने जिन्यावरून उतरायचंसुद्धा नाही. पुढच्या शनिवारी त्यातली पाच झाडून तो बांधापाशी गेला. पाच भोकं कागदभर पांगली होती; कोंबड्यांना दाणे फेकावेत तशी.

आता व्हर्न गोंधळला. त्याने काट्याची तपासणी केली, काटा बरोबर. पुंगळ्या एकेक मोजल्या, सारख्या. गोळ्या तोलल्या, सारख्या. वारा नव्हता. बंदुकीची नळी घासली, पुन्हा पाच झाडल्या. अजून पांगल्या. मग नळी घासल्यामुळेच बिघडलं असेल, म्हणून न घासता दहा झाडल्या. दहाही दहा दिशांना. त्याच्या वहीची अकरा पानं भरली आणि शेवटच्या पानावर त्याने मोठ्या अक्षरात लिहिलं, "का?"

"त्या दिवशी काय वेगळं केलं होतंस?" आर्डिसने विचारलं.

"काही नाही!"

"न्याहारीला काय खाल्लं होतंस?"

व्हर्न तिच्यावर खेकसणार होता, पण मग त्याने वही उघडून पाहिलं. न्याहारीही लिहिलेली होती. दोन दिवस त्याने तीच न्याहारी केली. फरक पडला नाही.

सामना दहा दिवसांवर आला. व्हर्न सोफ्यावर पडून वरच्या चौकटीकडे बघत होता आणि शेजारी आर्डिस नातवासाठी जाड लोकरीचा स्वेटर विणत होती.

"तुझी गोळी केवढी असते रे?" तिने विचारलं.

"सात मिलिमीटर."

"माझी ही सुईपण सातचीच." ती उठली, चौकट खाली काढली, काच आणि मागचा पुठ्ठा बाजूला केला आणि त्या पवित्र जाड कागदाच्या भोकात सुई घालायला गेली.

"आर्डिस!"

"ओरडू नकोस, काही फाडत नाहीये. जातच नाहीये ही."

"जरा नीट धर."

"नीटच धरलीय. थांब." तिने टोपलीतून दुसरी सुई काढली. ती अलगद आत गेली. "ही साडेसहाची. पाचही भोकांत जाते बघ."

व्हर्न तळघरात गेला आणि गेल्या शनिवारचा पांगलेला कागद घेऊन आला. त्याच्या भोकांत सातची सुई सहज गेली; एकात, दुसऱ्यात, सगळ्यांत.

"साडेसहाची बंदूक कुणाची आहे?" आर्डिसने विचारलं.

"लॉर्नाची," व्हर्न म्हणाला. त्याचा आवाज दुसऱ्याच कुणाचा तरी वाटत होता. "घाईत तिने माझ्या कागदावर झाडल्या."

"मग तुझ्या पाच कुठे गेल्या?"

व्हर्नने वही काढली. वहीत सगळं होतं. चौथ्या भरणीच्या आदल्या दिवशी त्याने सहाशे यार्डांवर सराव केला होता आणि बंदुकीवरच्या दुर्बिणीची अंतराची चकती सहाशेवर लावल्याची नोंद होती. हजारावर फिरवल्याची नोंद कुठेच नव्हती. म्हणजे त्याच्या पाचही गोळ्या कागदाच्या कितीतरी खाली, बांधाच्या मातीत घुसल्या होत्या.

"अकरा वर्षं," तो म्हणाला. त्याने वही मिटली.

"लॉर्नाला सांग," आर्डिस म्हणाली.

"हो."

"उद्या सकाळी."

"हो म्हटलं ना!"

सकाळी तो दवाखान्यात गेला तेव्हा लॉर्ना एका बोकडाचा खूर तासत होती. व्हर्नने सगळं एका दमात सांगितलं. तिने बोकड सोडला, हातमोजे काढले आणि दार लावून घेतलं.

"कुणाला बोललास?"

"आर्डिसला. आता मर्लकडे निघालोय."

"अजिबात जायचं नाही!"

व्हर्नला कळेना. "अगं, ती जागा तुझी आहे! तो पुंजका तुझा आहे!"

"दुसऱ्याच्या कागदावर मारलेला! बावीस वर्षं मी नवख्यांच्या कानीकपाळी ओरडतेय, आपला नंबर बघा, आपला नंबर बघा. मर्लला कळलं तर माझ्या मयतालासुद्धा तो हीच गोष्ट सांगेल."

"आणि माझं काय? माझ्या पाचही मातीत गेल्या. एक नाही, पाच!"

"ते कमी लाजिरवाणं आहे."

"कसं काय कमी?"

"तुझ्याकडून लोकांची तशी अपेक्षा आहे," लॉर्ना म्हणाली आणि लगेच ओशाळली. "माफ कर रे. पण खरंच सांगते."

बोकडाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं.

शेवटी व्हर्न खुर्चीत बसला. "मी खांदा दुखतोय म्हणून सांगतो. राखीव तूच आहेस, आपोआप तू आत जाशील. कुणाला काही कळायला नको."

लॉर्नाने हातमोजे टेबलावर टाकले. "पण माझ्याकडे ती भरणी कुठे आहे? वाईट ठरली म्हणून मी मापाची चिठ्ठी फाडून टाकली. दारू कुठली ते आठवतं. किती, ते नाही."

"वहीत नाही लिहीत तू?" व्हर्न हादरला.

"वही कसली? भरत होते तेव्हाच एका मेंढीला वेणा सुरू झाल्या."

तिच्या कपाटात त्या खेपेतली सहा काडतुसं उरली होती. व्हर्नने ती घरी नेली. त्यातली तीन त्याने हळुवार उकलली, आतली दारू काट्यावर घातली. पहिलीचं वजन लिहिलं. दुसरीचं लिहिलं. तिसरीच्या वेळी त्याने काटा झटकून पुन्हा शून्यावर आणला, चष्मा पुसला आणि पुन्हा मोजलं. तिन्ही दाण्यादाण्याने सारखी. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्याला एकसारखी तीन वजनं कधी मिळाली नव्हती. आणि ही बाई मेंढी सोडवता सोडवता भरते! मग त्याने तसलीच चाळीस काडतुसं भरली. आर्डिसने चादरी बाहेर तारेवर वाळत घातल्या.

खांद्याचं नाटक मात्र त्याला झेपलं नाही. दुकानात त्याने मर्लला डावा खांदा धरून सांगितलं आणि रविवारी चर्चच्या तळघरातल्या जेवणाला उजवा धरून कण्हला.

"गुरुवारी डावा होता ना?" मर्ल म्हणाला.

"सरकलाय," व्हर्न म्हणाला.

मर्लने ताटलीतलं खाणं थांबवून त्याच्याकडे पाहिलं. पण लॉर्नाचं नाव यादीत गेलं.

सामन्याच्या दिवशी व्हर्नने पाण्याचे डबे उचलले, तेही दोन्ही खांद्यांवर. मग तो मोठ्या दुर्बिणीला डोळा लावून बसला. लॉर्नाने प्रत्येक गोळीआधी आपला नंबर तोंडाने पुटपुटलेला त्याला ऐकू येत होता. तिची पहिली गोळी मध्यावर पडली. दुसरी तिथेच. दहाव्या गोळीला सेज फ्लॅटच्या माणसांनी बोलणं थांबवलं. विसाव्या गोळीनंतर व्हर्नच्या लक्षात आलं की मघापासून आपण सँडविच हातातच धरून ते पार चुरगळलं आहे. नऊ वर्षांनी बिटर क्रीक जिंकलं. लॉर्ना उठली, धावत आली आणि तिने व्हर्नला दुखऱ्या आणि न दुखऱ्या दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं.

"लॉर्ना, हे जमलं कसं?" मर्लने विचारलं.

"व्हर्नने भरलेली काडतुसं," लॉर्ना म्हणाली. आणि ते अक्षरशः खरं होतं.

"मर्ल, ऐक माझं," व्हर्न घाईघाईने म्हणाला. "मी फक्त मोजलं. कृती माझी नाही."

"बघा, बघा!" मर्ल सगळ्यांना म्हणाला. "स्वतःची जागा दिली, स्वतःची भरणी दिली आणि वर म्हणतो कृती माझी नाही!"

"अरे, खरंच नाही! मला त्यातलं काही कळत नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्हर्न जितकं नाही म्हणत गेला तितक्या टाळ्या वाढत गेल्या. शेवटी आर्डिसनेच त्याला बाही धरून खाली बसवलं.

आठवड्याने मर्लच्या दारावर नवा कागद लागला: अचूक भरणी कशी शोधावी, शिक्षक व्हर्न ऑस्ट्रँडर, दर शनिवारी दहा वाजता. व्हर्नने तो दोनदा काढला आणि मर्लने तो दोनदा परत लावला.

"काय शिकवशील?" आर्डिसने विचारलं.

"मला काय माहीत!"

पहिल्या शनिवारी क्लबच्या खोलीत सतरा जण आले. व्हर्न घामाघूम होऊन वर बघतो तर पहिल्या रांगेत लॉर्ना, हातात कोरी करकरीत वही आणि टोक काढलेली पेन्सिल.

तो खाली वाकून कुजबुजला, "तू कशाला आलीस? ती भरणी तुझीच आहे!"

"म्हणून तर आले," लॉर्ना म्हणाली आणि वहीचं पहिलं पान उघडलं. "मी ते केलं कसं, ते मला कळायला नको?"