इंगळेभाऊंची इटली

आमच्या गल्लीत कोणी डबा आणून दिला की देणारा विचारतो, "कसं झालं?" आणि आपण म्हणतो, "झकास." हे खोटं असू शकतं हे दोघांनाही ठाऊक असतं आणि शेजारधर्म टिकतो. इंगळेभाऊ असलं काही विचारत नाहीत. ते डबा हातात देतात, आपण दोन घास खाईपर्यंत उंबऱ्यापाशी उभे राहतात, आणि आपल्या जबड्याकडे रोखून बघत विचारतात, "दाताले काम पडलं काय?"

मीठ, तिखट, चव यांबद्दल एक अक्षर नाही. पहिल्यांदा मी भाबडेपणाने म्हणालो, "छान आहे, जरासं चावावं लागतंय." त्यांचा चेहरा असा पडला, जणू मी त्यांच्या पेन्शनवर हरकत घेतली होती. डब्याला झाकण लावून तो परत घेऊन गेले. संध्याकाळी पुन्हा दारात. "अजून ठेवलं होतं. आता पाहा, सर." आता डब्यातलं वांगं कुठलं आणि टमाटर कुठलं हे त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

भगवानराव इंगळे चिखलीच्या तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. एखादं प्रकरण मंद आचेवर किती ठेवलं की अर्जदार आपोआप मऊ होतो, याचं त्यांना पक्कं ज्ञान होतं. त्यामुळे पुण्याच्या मुलीने त्यांना स्लो कुकर पाठवला तेव्हा गल्लीतल्या जाणकारांना यंत्र योग्य हाती पडल्यासारखं वाटलं. सकाळी त्यात काहीतरी चिरून टाकायचं, बटण फिरवायचं, आणि ते दिवसभर स्वतःशीच पुटपुटत राहतं. दुपारी कोणी विचारलं, "भाऊ, झालं का?" तर आतून उत्तर येतं, "कार्यवाही चालू हाय."

बायकांनी त्या यंत्राचं नाव हळूबाई ठेवलं.

भाऊंचा हळूबाईवर जीव. लाईट गेली की बाकीची गल्ली वीज मंडळाला शिव्या देते; भाऊ गोधडी घेऊन धावतात. कुकरला गुंडाळून, वरून उशी ठेवून, पंख्याविना घामाघूम होत त्याच्याशेजारी बसतात. माझी बायको एकदा खिडकीतून म्हणाली, "भाऊ, बाळंतीण हाय काय आत?"

"थंडी बाधली त सगळं निबर होते, वहिनी," भाऊ गंभीरपणे म्हणाले.

इथवर सगळं ठीक होतं. माणसाला निवृत्तीनंतर काहीतरी लागतं. कोणी भजनी मंडळात जातो, कोणी वर्तमानपत्रांना पत्रं लिहितो. मला कोडं पडलं ते इटलीचं. कुकरसोबत आलेल्या पुस्तिकेत इटालियन जेवणाची चार पानं होती, आणि भाऊ त्याच चार पानांत राहायला गेले. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात खामगावपलीकडे हॉटेलात जेवण केलं नाही, तो आता गल्लीत "रिसोट्टो," "मिनेस्ट्रोनी," "पोलेंटा" असे शब्द कचेरीच्या आवाजात उच्चारू लागला. परदेशी नावाने साध्या वस्तूला येणारा रुबाब मी बराच पाहिला आहे. आमच्या बसस्टँडजवळच्या एका सलूनची पाटी बदलली आणि त्याच कात्रीने तोच न्हावी दुप्पट आदराने केस कापू लागला. पण भाऊ तसे नव्हते. कचेरीत साहेबाच्या निरोपसमारंभालाही हा माणूस पायात साधी चप्पल घालून गेला होता.

पोलेंटाचा डबा उघडून माझी बायको म्हणाली, "अवो, हे त मक्याच्या कण्या हायेत. माह्या माहेरी गड्यायले देत होतो."

"कण्या न्हाई, वहिनी. पोलेंटा," भाऊ हट्टाने म्हणाले. "आमच्या घरी आल्या त कण्या म्हणू नका. पाया पडतो."

पुस्तिकेत बेसिलची पानं लिहिली होती. भाऊंनी आमच्या वृंदावनातली तुळस खुडली. बायको कडाडली, "लसणासंगं तुळस? देवाले काय सांगू?" भाऊ म्हणाले, "खानदान एकच हाय म्हणते पोरगी." त्या दिवसापासून बायको वृंदावनाकडे तोंड करूनच भाजी निवडायला बसते.

सगळ्यात विचित्र वाटायचं ते वेगळ्याच कारणाने. हे सगळं चाललं होतं ते घर कुसुमवहिनींचं, म्हणजे भाऊंच्या बायकोचं होतं. वहिनी म्हणजे आमच्या गल्लीचा स्वयंपाक. कोणाच्याही घरचं कार्य असो, वांग्याच्या भाजीच्या कढईपाशी वहिनी उभ्या राहायच्या आणि नुसत्या वासावरून सांगायच्या, "मीठ राह्यलं." कणकेचे रोडगे निखाऱ्यात कधी फिरवायचे हे त्या म्हणतील तेव्हा. गेल्या दिवाळीनंतर त्यांना लकवा झाला. उजवी बाजू आणि अर्धा चेहरा गेला. हात हळूहळू थोडा आला. पण चावणं जमेना, तोंडातून घास ओघळे. तेव्हापासून त्या दाराबाहेर आल्या नव्हत्या. बघायला गेलेल्या बायकांना त्या आतल्या खोलीतून परत पाठवायच्या. जेवण जवळजवळ टाकलंच होतं. डॉक्टरांनी भाऊंना बाजूला घेऊन सांगितलं होतं, की औषध चालू आहे, पण पोटात काही गेलं नाही तर औषध तरी काय करणार.

आणि अशा वेळी या गृहस्थाला इटली सुचत होती!

एकदा त्यांच्या ओट्यावर बसलो असताना मी विचारूनच टाकलं. "भाऊ, इटलीच काऊन?"

भाऊंनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "सर, मी पह्यले गुरगुट्या भात केला होता. तिनं वाटी सरकवली. म्हणे, 'मी काय दात न आलेलं लेकरू हाय?' पेज केली, तोंड फिरवलं. आजाऱ्याचं जेवण मरेस्तोवर खाणार न्हाई म्हणे. मंग एक दिवस तोच भात, त्यात टमाटर, चीज टाकलं. म्हटलं, रिसोट्टो हाय, इटलीतले धडधाकट लोक खाते. तिनं इचारलं, 'त्यात जिरं न्हाई टाकत काय?'" भाऊ आणखी जवळ सरकले. "सर, दोन महिन्यांत पह्यल्यांदा तिनं सयपाकाचं काही इचारलं. मंग पाच चमचे खाल्ले."

"आणि आमच्या दारी डबे?"

"ती इचारते ना, 'दुसरं कोणी खाते काय हे?' म्हणून सगळ्यायले देतो. अन् तिच्या तोंडी जायच्या आंधी दातायची खात्री करून घेतो. तुमचे दात मजबूत हायेत, सर. त्यायले काम न्हाई पडलं, त तिलेही चावाचं काम न्हाई पडत."

माझ्या दातांचा इतका शास्त्रीय उपयोग आजवर कोणी केला नव्हता.

उन्हाळा सरता सरता भाऊंनी जाहीर केलं, की त्यांच्या अंगणात इटालियन पंगत आहे. संध्याकाळी आम्ही पोचलो. सतरंज्या, स्टीलची ताटं, प्रत्येक ताटात एक चमचा आणि चमच्याखाली लाल चौकड्यांच्या कापडाचा हातभर तुकडा, कडा शिंप्याकडून दुमडून आणलेल्या.

"हे गळ्यात बांधाचं," भाऊंनी फर्मावलं. "तिकडं याच्याबिगर कोणी जेवाले बसत न्हाई."

मी मनातल्या मनात हसलो. नावं चालवून घेतली होती. आता वेशही आला. पण बायकोने कोपर मारलं म्हणून बांधलं. समोर आरसा नसला तरी आपण कसे दिसतो हे समोरच्या रांगेवरून कळत होतं. आमची सगळी गल्ली न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यासारखी दिसत होती.

अडले फक्त गुलाबशेठ. धान्याचे अडते, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, आणि मार्केट यार्डात ज्यांनी आवाज चढवला की पोती तोलणारे तोलारीही थबकतात असे. "भगवानराव, मी काय लेकरू हाय? हे लाळेरं मी न्हाई बांधत."

"बांधा, शेठ."

"अबे, न्हाई म्हटलं ना!"

"मंग तुमची पंगत रद्द," भाऊ म्हणाले. आवाज इतका थंड, की तीस वर्षांत या माणसाने किती अर्ज फेटाळले असतील याचा मला अंदाज आला. "उठा. नाराजी नंतर पाहू. पण फडक्याबिगर या अंगणात आज कोणी बसणार न्हाई."

एका फडक्यासाठी हा माणूस जुना शेजार तोडायला निघाला होता. का, हे मला कळेना. शेठ उठायला लागले, गुडघ्यावर हात टेकला, आणि तेवढ्यात घराचं दार उघडलं.

कुसुमवहिनी उभ्या होत्या. चौकटीला धरून. नवं लुगडं, केस नीट विंचरलेले, चेहऱ्याची उजवी बाजू खाली ओढलेली. आणि गळ्यात लाल चौकड्यांचं फडकं.

त्यांनी अंगणभर नजर फिरवली. एकेका गळ्यावर थांबत. त्यांची नजर आपल्यापर्यंत पोचायच्या आत गुलाबशेठ खाली बसले होते आणि मानेमागे गाठ मारत होते. गाठ बसेना म्हणून शेजारच्याला म्हणाले, "अबे पाहतो काय, बांध ना!"

भाऊंनी वहिनींना हाताला धरून पंगतीत बसवलं, कोपऱ्यात नाही, बरोबर मध्ये. पोलेंटा वाढला, त्यावर दिवसभर शिजून गाळ झालेल्या वांग्यांचा लाल रस्सा. स्वतः शेजारी बसले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं, म्हणजे सगळे तिकडेच बघत होते. वहिनींनी डाव्या हाताने चमचा उचलला. पहिला घास अर्धा आत गेला, अर्धा हनुवटीवरून फडक्यावर. चमचा ताटात ठेवून त्यांनी मान खाली घातली.

मी भाऊंकडे पाहिलं. त्यांचा हात कधी थरथरलेला मला आठवत नाही. कचेरीत सुईच्या टोकाएवढ्या अक्षरात शेरे लिहायचे. त्यांनी भरलेला चमचा तोंडापाशी नेला, आणि शांतपणे, अगदी ठरवून, तिरपा केला. लाल रस्सा हनुवटीवरून फडक्यावर, फडक्यावरून बनियनपर्यंत गेला.

वहिनींनी मान वर केली. मग जड जिभेने, पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "नीट जेवा ना, अवो. लोक पाहून राह्यले." आणि डाव्या हाताने आपल्या फडक्याचं टोक धरून त्यांची हनुवटी पुसू लागल्या.